अनेक वर्षांच्या मानसिक ताणामुळे स्तनाचा कॅन्सर होतो का?

तुम्ही लिहिलंय की ताईने कित्येक वर्षं नवऱ्याचं व्यसन आणि त्याची कर्जं निस्तरली, आता तिला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि घरात जो तो म्हणतोय, "टेन्शननेच झालं, ती फार मनाला लावून घेते." हे खरं आहे का, असं विचारलंय.

ताणामुळे स्तनाचा कॅन्सर होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. मी डॉक्टर नाही, आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते. उपचारांबद्दल मी बोलू नये, पण तुमचा प्रश्न बराचसा आकड्यांचाच आहे.

कॅन्सर झालेल्या बाईला "गेल्या काही वर्षांत खूप ताण होता का?" असं विचारलं, तर ती मागचं सगळं खणून काढते. सापडतंही, कारण कुणाच्या आयुष्यात सापडणार नाही? निरोगी बाईला हाच प्रश्न विचारा, ती दोन गोष्टी सांगून मोकळी होते. ताणाचा संबंध दाखवणारे अनेक जुने अभ्यास अशा, निदानानंतरच्या आठवणींवर उभे होते. म्हणून भरवशाचा मार्ग एकच: स्त्रिया निरोगी असताना ताणाची नोंद घ्यायची आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची.

अशा अभ्यासांचे निकालही एका सुरात नाहीत. फिनलंडमध्ये 10,808 स्त्रियांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. घटस्फोट झालेल्या किंवा नवरा गमावलेल्या स्त्रियांमध्ये धोका साधारण दुप्पट दिसला. हा 2003 चा निकाल अजूनही सगळीकडे फिरतो. पण त्यात कॅन्सर झालेल्या एकूण स्त्रिया होत्या 180; त्यांतून घटस्फोटितांचा गट वेगळा काढला की हातात मोजकी माणसं उरतात. दोनच वर्षांनी कोपनहेगनहून नेमकं उलटं आलं: जास्त ताण सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर कमी! दीर्घकाळच्या ताणाने इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनाचे बरेच कॅन्सर ज्यावर पोसतात ते स्त्रियांचं संप्रेरक, कमी होत असावं, असा संशोधकांचा अंदाज होता. (म्हणून कुणी ताण घ्यायचा सल्ला देत नाही, हे वेगळं.) मग 2016 मध्ये ब्रिटनमधल्या 1 लाख 6 हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास आला. त्यात 1,783 जणींना कॅन्सर झाला होता, आणि ताणाशी ठाम संबंध काही दिसला नाही. नोकरीतल्या ताणाबद्दल 2013 मध्ये युरोपातले 12 अभ्यास एकत्र करून पाहिले, तिथेही नाही. मी जास्त वजन या शेवटच्या दोघांना देते, कारण आकडा मोठा असला की योगायोगाला जागा कमी उरते.

मग "ताणाने कॅन्सर वाढतो" हे कुठून येतं? बरंचसं उंदरांवरून. 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी स्तनाची गाठ असलेल्या उंदरांना रोज कोंडून ताण दिला. मूळ गाठ फारशी वाढली नाही, पण कॅन्सर शरीरात इतरत्र कितीतरी पटींनी जास्त पसरला, आणि रक्तदाबावर वापरतात त्या प्रोप्रॅनोलॉलने हे पसरणं रोखलं गेलं. संशोधन महत्त्वाचं आहे, पण ते आधीच असलेला कॅन्सर पसरण्याबद्दल आहे, नव्याने होण्याबद्दल नाही. आणि उंदीर तो उंदीर. हे वाचून कुणी ती गोळी स्वतःहून सुरू करू नये.

आडवळणाने ताणाचा हात असू शकतो. ताणात माणूस दारूकडे वळतो, व्यायाम सुटतो, वजन वाढतं. दारू आणि रजोनिवृत्तीनंतरचं जास्त वजन यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे पक्कं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये, बाई असणं आणि वय सोडलं तर, धोक्याचं ठळक कारण सापडत नाही. शिवाय गाठ हाताला लागण्याआधी बहुधा कित्येक वर्षं आत वाढत असते. मागच्या वर्षीच्या भांडणावर किंवा कर्जावर बोट ठेवणारे हे हिशेबातच धरत नाहीत.

मला सगळ्यात खटकतं ते "मनाला लावून घेते". नवऱ्याने केलेली कर्जं तिने फेडली आणि आता आजाराचं खापरही तिच्याच स्वभावावर! स्वभावामुळे कॅन्सर होतो याला पुरावा नाही. घरच्यांना हे तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका.

आत्ताचा ताण मात्र हलक्यात घेऊ नका. झोप उडणं, सतत धास्ती, उदासी यांनी उपचार सोसणं जड जातं, कधी मधेच सुटतातही. समुपदेशनाने कॅन्सर बरा होईल किंवा आयुष्य वाढेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, पण मन सावरायला त्याची मदत होते. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत झोपेबद्दल आणि भीतीबद्दल मुद्दाम सांगा, कारण बऱ्याचदा ते फक्त शरीराच्या तक्रारी विचारतात. आणि तुम्ही सख्खी बहीण आहात, तेव्हा तुमची स्वतःची तपासणी कधीपासून आणि किती वेळा करायची, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.