डोळे येतात ते कोणत्या जिवाणूंमुळे? घरात उरलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स घातले तर चालतात का?

तुमच्या प्रश्नात असं आहे: पाच वर्षांच्या मुलाचे दोन्ही डोळे आलेत, सकाळी पापण्या चिकटतात आणि मोठ्या मुलीला गेल्या वर्षी दिलेली ड्रॉप्सची बाटली फ्रिजमध्ये आहे.

आधी बाटलीचं. ती टाकून द्या. सील फोडल्यावर बहुतेक ड्रॉप्स महिनाभरच वापरायचे असतात, मग खोक्यावर एक्सपायरी पुढच्या सालची का असेना. टाकण्यापूर्वी लेबल मात्र वाचा. अँटिबायोटिकच्या जोडीला 'डेक्सामेथासोन' किंवा 'प्रेडनिसोलोन' लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून ही बाटली घरोघरी लाडकी असते. पण दुखणं हर्पिस या विषाणूचं किंवा बुरशीचं असेल तर वरून डोळा पांढरा दिसतो आणि बुबुळावरची जखम मात्र वाढत जाते.

आता जिवाणू. पावसाळ्यात अख्खा वर्ग लाल डोळ्यांनी घरी बसतो, ती साथ बहुधा जिवाणूंची नसतेच. ती विषाणूंची, बरेचदा अ‍ॅडिनोव्हायरसची असते आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डोळ्यातून पाणी गळतं, कानापुढे छोटी दुखरी गाठ लागते, तर संशय विषाणूवर. घट्ट पिवळा-हिरवा पू, पुसला की थोड्या वेळात पुन्हा जमतो, तर जिवाणूवर. नुसती खाज असेल तर अ‍ॅलर्जी. हा आडाखा आहे, खात्री नव्हे. पापण्या चिकटणं विषाणूतही दिसतं.

लहान मुलांत मुख्य आरोपी दोन: हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए. मोठ्यांत स्टॅफिलोकोकस ऑरियस. रांजणवाडीही बहुतेकदा त्याचीच. (रांजणवाडीला पाच-दहा मिनिटं कोमट शेक, दिवसातून तीन-चार वेळा. पिळायची नाही, लवंग उगाळून लावायची नाही.) मुलाचा कानही दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोळा आणि कान एकदम धरणारा बरेचदा हिमोफिलस असतो. मग नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत, पोटातून औषध लागतं.

हिमोफिलसच्याच कुळातला एक जिवाणू जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना १८८३ मध्ये इजिप्तमध्ये डोळ्यांच्या पुवात दिसला. ते गेले होते कॉलऱ्याच्या मागावर. प्रयोगशाळेत हिमोफिलस साध्या रक्ताच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) धड वाढत नाही. शेजारी स्टॅफिलोकोकसची रेघ ओढली तर तिच्या कडेने बारीक ठिपक्यांसारखा उगवतो, कारण त्याला लागणारा एक घटक तिथे आयता मिळतो. म्हणून त्याच्यासाठी 'चॉकलेट अगार' वापरतात. त्यात चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं. साध्या डोळे येण्याला ही तपासणी लागत नाही. लागलीच, तर स्वॅब (बोळ्यावर घेतलेला पुवाचा नमुना) पहिला थेंब घालण्याआधी घ्यावा. नंतर जिवाणू सापडणं अवघड होतं.

घरी करायचं ते असं. पाणी उकळून गार करा, कापसाचा बोळा भिजवून मिनिटभर मिटलेल्या पापणीवर ठेवा, चिपडं मऊ होतील. मग नाकाकडून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा आणि बोळा फेका. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स घालताना खालची पापणी ओढून त्या खोबणीत एकच थेंब टाका. डोळ्यात सुमारे ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीचा एक थेंब बहुधा त्याहून मोठा असतो, त्यामुळे दुसरा थेंब गालावरच ओघळतो. डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, काजळ, काहीही नको. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. साथ पसरते ती हातांनी. आलेल्या डोळ्यांकडे नुसतं पाहून कुणाचे डोळे येत नाहीत.

जिवाणूंचं साधं दुखणं बहुधा सात-दहा दिवसांत आपोआपही बरं होतं. ड्रॉप्सने दिवस कमी होतात, संसर्गही लवकर आटोक्यात येतो. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांकडे परत जा.

काही बाबतीत मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा: डोळा खरोखर दुखतोय, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर लेन्स लगेच काढा, पण फेकू नका, डबीसकट घेऊन जा. तिथे स्यूडोमोनास या जिवाणूची भीती असते आणि तो एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळवू शकतो. लेन्स नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात पू दिसला तर थेट रुग्णालय, रात्र असली तरी: गोनोकोकस आणि क्लॅमिडिया हे आईकडून बाळंतपणात लागणारे जिवाणू. गोनोकोकस बहुधा जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत दिसतो, क्लॅमिडिया पाच ते चौदा दिवसांत, आणि दोन्हींना नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत. आई-वडिलांनाही उपचार लागतात.