टेबलावरचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र बनून सगळ्यांनी मिळून बोलत रंगवलेली गोष्ट. ती नुसती बघायलाही मजा कशामुळे येते?

माझ्या मते, खेळाडू एकमेकांचं किती मन लावून ऐकतात यामुळे. 'क्रिटिकल रोल' हा असा खेळ दाखवणारा वेब-शो 2015 मध्ये सुरू झाला, त्यातले खेळाडू व्यावसायिक व्हॉइस ॲक्टर. म्हणून अनेकांना वाटतं, वेगवेगळे आवाज काढता आले की झालं. तसं नाही. एकाने सहज टाकलेलं वाक्य दुसऱ्याने तासाभराने उचललं, की बघणारा गुंततो.

मग येतो फासा, पात्राचा डाव जमला की फसला ते ठरवणारा. वीस बाजूंच्या फाशावर 1 पडण्याची शक्यता फक्त 5 टक्के, पण तो पडतोच, आणि नेमका नको तेव्हा! कुणी दरीवरून उडी मारणार असेल तर गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, किती आकडा हवा ते आधीच सांगावं. फासा घरंगळत असताना आपणही श्वास रोखून बसतो. आकडा नंतर सांगितला तर ही धाकधूक उरतच नाही.

आणि डाव फसला तरी गोष्ट पुढे सरकायला हवी. कुलूप उघडलं नाही, पण खडखडाटाने पहारेकरी जागा झाला, हे बघवतं. 'काहीच झालं नाही' हे दोनदा ऐकलं की मी व्हिडिओ बंद करते. नियमांवरून लांबलेल्या वादाचंही तेच.