बुडावरचा चिनी शिक्का बघून काही ठरवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. लाल मातीची, बिनझिलईची छोटी चहादाणी, बुडावर चौकोनी चिनी शिक्का. विकणारा म्हणतो १६९५ ची, एलर्स बंधूंची (इंग्लंडात तेव्हा लाल भांडी करणारे दोघे भाऊ). लिलाववाले म्हणतात चिनी. मला दोघांचंही पटत नाही. (मी संग्राहक आहे, तज्ज्ञ नाही. फोटोवरून बोलतोय, हे धरून चाला.)

तुमच्या चहादाणीच्या पोटावर एकसारख्या नागमोडी खाचा आहेत. त्या इंजिन-टर्निंगच्या, म्हणजे यंत्राने नक्षी कातणाऱ्या, लेथवरच पडतात, आणि स्टॅफर्डशरच्या (इंग्लंडातला कुंभारकामाचा भाग) कुंभारांनी तो लेथ १७६० च्या दशकात वापरायला घेतला. एलर्सचं १७०० च्या सुमारासच दिवाळं निघालं होतं. तो विषय तिथेच संपला.

आता चिनी की इंग्रजी? आत टॉर्च मारा. यीशिंगचा (लाल मातीच्या चहादाण्यांसाठी प्रसिद्ध चिनी गाव) कारागीर परंपरेने चाकावर घडवत नाही. मातीचे पत्रे थोपटून जोडतो, आत बहुतेकदा सांधा लागतो. स्टॅफर्डशरचा माल चाकावर उचलून, अर्धवट सुकल्यावर लेथवर कातलेला. आत गोल रेषा दिसतात, आणि बुडाची कड इतकी धारदार की नखाला जाणवते.

अशाच एका चहादाणीबद्दल हेच मी एका लिलावघराच्या मूल्यांकन विभागाला लिहून कळवलं होतं, आतले फोटोही जोडले होते. त्यांनी फक्त शिक्क्याचा फोटो पाहिला, ‘चिनी, उशिराची’ असा शेरा मारला आणि तुटक्या कपबश्यांच्या लॉटमध्ये ती विकून टाकली. वस्तू हातात घेऊन आत डोकावायला मिनिटसुद्धा लागलं नसतं! त्याचा राग अजून जात नाही. म्हणून सांगतो, वस्तू न हाताळता दिलेला शेरा मान्य करू नका.

शिक्का खोटा म्हणून वस्तूही खोटी, असं मात्र समजू नका. चहाबरोबर जहाजांतून यीशिंगच्या लाल चहादाण्या आल्या आणि गिऱ्हाइकाला तसंच रूप हवं होतं, म्हणून इंग्रज कुंभारही चिनी धाटणीचे शिक्के मारत. लंडनजवळच्या फुलहॅमचा कुंभार जॉन ड्वाइट याच्या १६८४ च्या पेटंटमध्ये लाल भांडी आहेत. १६९३ मध्ये त्याने एलर्स बंधूंवर खटलाच भरला. ते दोघे मूळचे चांदीकाम करणारे. त्यांच्या भांड्यांवरची प्लमची फांदी धातूच्या ठशाने इतकी रेखीव उठते की चिनी नक्षी सोनाराच्या हातून गेल्याचं कळतं. पुढे गाठाळ फांदीसारखी तोटी आणि कडी आली, ती कल्पनाही यीशिंगचीच. पण खाचांची भौमितिक नक्षी यंत्राची, अस्सल स्टॅफर्डशरची. मला तर एलर्सच्या नावापेक्षा तीच जास्त प्रिय आहे.

जाता जाता एक: कडी धरून उचलू नका. तोटी आणि कडीवर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, डागडुजी केली असेल तर बहुधा वेगळी चमकते. आणि आतला, बुडाच्या कडेचा फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.