कढीपत्ता बोडका झाला तर झाला

प्रश्न : ताई, गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या पानांवर चिमणीनं शिटल्यासारखे डाग दिसत होते. पुसायला गेले तर एक डाग चक्क हलला! आता तिथं बोटाएवढ्या हिरव्या अळ्या आहेत आणि झाड निम्मं बोडकं झालंय. सासूबाई म्हणतात औषध मारा, मुलगा म्हणतो बरणीत पाळू या. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : औषध नको आणि बरणीही नको. ते डाग आणि या हिरव्या अळ्या एकच. अळी चारदा कात टाकते. तोवर पाखरांना फसवायला शिटेचं सोंग, आणि चौथ्या कातीनंतर एकदम पानाचा रंग. मुलाला सांगा, काडीनं हळूच डिवचून बघ. डोक्यामागून नारिंगी-लाल दुबेळकं शिंग बाहेर येईल, उग्र वासही सुटेल. एकदाच बघा, सारखं छळू नका.

कढीपत्त्यावर आपल्याकडं मुख्यतः दोन फुलपाखरं अंडी घालतात. एक लिंबाळी, काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं, शेपटी नसलेलं. दुसरं कॉमन मॉरमॉन, शेपटीचं. अळीवरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, बाहेर येईल तेव्हा कळेलच. कोवळ्या पानांवर राईच्या दाण्याएवढं पिवळसर अंडं सापडलं तर रोज सकाळी तेच पान बघा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत फुटतं, आणि अळी पहिल्यांदा आपलंच टरफल खाते.

कोष मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पोट भरलेली अळी खाणं थांबवते, पातळ घाण टाकते आणि चालू लागते. लोकांना वाटतं, मेली किंवा पाखरानं नेली. अहो, ग्रिलच्या खालच्या बाजूला बघा, कुंडीच्या काठाखाली बघा! शेपटीकडून चिकटलेली आणि कमरेला रेशमाचा एक धागा घेऊन रेलून बसलेली सापडेल. पानांत असला तर कोष बहुधा हिरवा, भिंतीवर किंवा वाळल्या काडीवर तपकिरी. साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत जास्त, आतले पंख सालीतून दिसू लागले की दुसऱ्या दिवशी पहाटेच उठा. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात. ते लटकून त्यांत द्रव भरतं. खाली तांबूस थेंब पडतात, ते रक्त नव्हे.

म्हणून बरणी नको म्हणते. शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत लटकायला जागा मिळाली नाही, की पंख वाकडेच वाळतात. शिवाय ओल धरून बुरशी येते ती वेगळीच. कोषाला बारीक भोक पडून चिलटासारख्या गांधीलमाश्या निघाल्या, तर मुलाला तेही दाखवा. तोही याच झाडावरचा संसार आहे.

झाडाचं म्हणाल तर पाणी घाला, फुटवा येतो. अळ्या फारच झाल्या तर डहाळीसकट कापून शेजारच्या कढीपत्त्यावर ठेवा. मंडईतली जुडी आणून घालू नका, त्यावर फवारणी असू शकते. फोडणीला आठ दिवस कढीपत्ता नसला तर आमटी काही बिघडत नाही. सासूबाईंना माझं नाव सांगा.

प्रश्न : आमच्याकडं कुंडीच नाही. मुलीला जीवनचक्र कुठं दाखवू?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : मोकळ्या प्लॉटवरची रुई शोधा. शनिवारच्या मारुतीच्या माळेसाठी पानं तोडणाऱ्यांना विचारा, अळी त्यांनी नक्की बघितली असेल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराची. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, त्यामुळं लपत नाही. उघड्यावर बसून खाते. कोष उलटा टांगलेला, कमरेला धागा नाही, हिरवा किंवा गुलाबीसर. एप्रिल-मेच्या उन्हात नेऊ नका, पावसाळ्यात सकाळी जा. मुलीला पान तोडू देऊ नका. चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. घरी आल्यावर साबणानं हात धुवायला लावा, तुमचेही.