शेजाऱ्याने खटला जिंकला, म्हणून माझा कर परत मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरकडे तुमची दालमिल आहे. स्थानिक संस्थेने मालाच्या दर गाडीमागे लावलेला आकार, म्हणजे शुल्क, तुम्ही काही वर्षं मुकाट भरलात. वसुलीआधी नोटीसही आली नाही, असं तुम्ही म्हणता. आता शेजारच्या मिलवाल्याच्या याचिकेवर संभाजीनगरच्या खंडपीठाने तो घटनाबाह्य ठरवलाय. मग तुमचेही पैसे आपोआप परत येणार का, अमेरिकेत येतात तसे?

आपोआप येणार नाहीत. मोंढ्यात याच भरवशावर लोक बसून राहतात आणि मुदत निघून जाते, म्हणून हे आधी सांगतो.

तुम्ही वाचलेला अमेरिकेचा निकाल बहुधा 1990 चा मॅकेसन खटला असणार. फ्लोरिडाने ठरावीक स्थानिक पिकांपासून केलेल्या दारूला करात सवलत दिली होती. तो भेदभाव अवैध ठरला, पण तिथल्या राज्य न्यायालयाने मागचे पैसे द्यायला नकार दिला. त्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ‘आधी भरा, मग भांडा’ अशी सक्ती करणाऱ्या राज्याला चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या हमीमुळे मागच्या काळाचाही खरा उपाय द्यावाच लागतो. ‘व्यापाऱ्याने कर गिऱ्हाइकावर ढकलला असेल’ ही राज्याची सबबही तिथे चालली नाही.

आपल्याकडे मात्र नेमकी हीच सबब चालते, आणि तुमचं प्रकरण इथेच अडकेल.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद 265 सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावताही येत नाही आणि वसूलही करता येत नाही. या आधारावर अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात याचिका करून (हीच रिट याचिका) परतावा मागता येतो. पण 1996 मध्ये मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, दुसऱ्याच्या खटल्यातला निकाल दाखवून ‘मला माझी चूक आज कळली’ असं म्हणता येत नाही, ज्याची लढाई त्यानेच लढायची. दोन, कर घटनाबाह्य असला तरी त्याचा बोजा तुम्ही स्वतः सोसला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी बिलबुकं काढा. डाळीच्या बिलावर हा आकार वेगळ्या ओळीत लावून मुंबई-हैदराबादच्या खरेदीदाराकडून घेतला असेल, तर ते पैसे तुमचे राहिलेच नाहीत. बिलात वेगळा दाखवला नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. आकार सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे भाव, नफ्याचं प्रमाण, खतावणीत ही रक्कम खर्चात धरली की येणं म्हणून, हे सगळं बघितलं जातं. आडत्याच्या पट्ट्याही तपासा. तूर घेताना तेवढाच भाव पाडला असेल, तर बोजा शेतकऱ्याने सोसला, आणि त्याच्या खिशातून गेलेलं तुम्ही मागणं मला तरी पटत नाही. हिशेब स्वच्छ असेल तर सीएचं प्रमाणपत्र जोडा. जीएसटीच्या परताव्यात 2 लाखांच्या वर, काही अपवाद सोडले तर, ते लागतंच. इथेही वजन पडतं.

मुदतीचं म्हणाल, तर रिट याचिकेला ठरलेली मुदत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 1964 च्या भाईलाल भाई प्रकरणात दिवाणी दाव्याची मुदत हेच साधारण माप धरलं, आणि अशा दाव्याला ती 3 वर्षांची असते. पुढचा हप्ता भरावाच लागला तर ‘हरकत राखून’ असं लेखी देऊन पोच घ्या.

वसुलीआधी नोटीस आली नाही, हे तुमचं गाऱ्हाणं रास्त आहे. पण तो मुद्दा वेगळा मांडा. त्यावर बहुतेकदा पुन्हा सुनावणीचा आदेश होतो, पैसे लगेच हातात पडत नाहीत.

शेजाऱ्याच्या निकालाची प्रमाणित प्रत घेऊन शेवटचे परिच्छेद नीट वाचा. 1989 च्या इंडिया सिमेंट निकालात उपकर अवैध ठरला होता, तरी आधी वसूल झालेली रक्कम परत करावी लागणार नाही असं न्यायालयाने त्यातच सांगितलं होतं. तसं वाक्य तुमच्याकडच्या निकालात आहे का, हे आधी बघा. शिवाय विधिमंडळ नंतर कायदा करून जुनी वसुली वैध करू शकतं. मात्र मूळ दोष काढून टाकल्याशिवाय तसं करता येत नाही, हे 1969 च्या पृथ्वी कॉटन मिल्स प्रकरणात स्पष्ट झालंय. असा कायदा आला असेल, तर याचिकेत त्यालाही आव्हान द्यावं लागेल.