कल्पित राज्याचा नकाशा

प्रश्न : मी एका कल्पित राज्यावर कादंबरी लिहीत आहे. आपोआप नकाशे तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या राज्याचा नकाशा काढला. तो देखणा आहे, पण कथानकाशी त्याचा मेळ बसत नाही, शिवाय मराठी नावे घातली की जोडाक्षरे फुटतात. प्रकाशक आरंभीची दोन पाने काळ्या-पांढऱ्या छपाईत नकाशासाठी देणार आहेत. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अशी सॉफ्टवेअर उतार, पाऊस आणि नद्या यांचा हिशेब बऱ्यापैकी ठेवतात, परंतु आपल्या नायकाला कोणत्या रात्री कोणत्या नदीकाठी मुक्काम करायचा आहे, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून आधी हस्तलिखित घेऊन त्यातील प्रत्येक प्रवास, लागलेले दिवस आणि वाटेतील अडथळे टिपून घ्यावेत. पायी माणूस सपाटीवर दिवसाला 25 ते 30 किलोमीटर चालतो, घाटात त्याहून कमी. या हिशेबाने गावांमधील अंतरे आलेखाच्या कागदावर मांडली की निम्मा नकाशा तयार होतो.

भूगोलासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर पाहण्याची गरज नाही. समुद्र पश्चिमेला जवळ असूनही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीच्या माथ्याकडून पूर्वेला उतरतात, त्यांची पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. गगनबावड्याला धो धो पाऊस पडतो, तर शिरोळकडे तो कितीतरी कमी, कारण ढग डोंगरावरच रिते होतात. पन्हाळ्यासारखा किल्ला कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर नजर ठेवता येईल अशा जागी असतो. आपल्या नकाशात मात्र नद्या खाली येताना एकत्र येण्याऐवजी फुटत असतील, तर ते तपासावे; मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाखेरीज असे क्वचितच घडते.

एवढे झाल्यावर कागदाचे छायाचित्र इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तळाशी ठेवून किनारा, डोंगर, नद्या, वाटा आणि नावे वेगवेगळ्या थरांवर गिरवावीत. यातील रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत, आणि युनिकोड फाँट वापरल्यास जोडाक्षरे नीट उमटतात; मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ या कामाला चांगला आहे.

देवनागरीची खरी अडचण निराळीच आहे. इंग्रजी नकाशांत प्रदेशाचे नाव अक्षरे लांब लांब ठेवून पसरतात. तसे केल्यास आपली शिरोरेषा तुटते. नदीच्या तीव्र वळणावर नाव चढवले तरी ती सांध्यासांध्यावर उचकटते. प्रदेशाचे नाव मोठ्या टायपात, सलग, आणि नदीचे नाव तिच्या सौम्य वळणाच्या भागावर ठेवावे. टाइप फार बारीक केल्यास अनुस्वार आणि रफार छपाईत गडप होतात, म्हणून खेडी कमी दाखवलेली बरी; कथेत ज्या गावाचे नावही येत नाही, त्याला नकाशात जागा कशाला?

दोन पानांच्या घडीत राजधानी किंवा महत्त्वाची खिंड येऊ देऊ नये. काम संपल्यावर मूळ फाइल जपून ठेवून तिच्या प्रतीतील नावे रेषाकृतींत रूपांतरित करावीत आणि मग पीडीएफ द्यावी, म्हणजे छापखान्यातील संगणकावर तो फाँट नसला तरी अक्षरे बिघडणार नाहीत. तयार डोंगर-झाडांची चिन्हे घेतली असतील, तर विक्रीच्या पुस्तकात वापरण्याची परवानगी आधी पाहावी, कारण काही सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती केवळ खासगी वापरापुरती असते. नमुना पान मात्र पुस्तकाच्याच कागदावर मागावे. डोंगरउताराच्या बारीक रेषा त्यावर अनेकदा एकमेकींत मिसळून काळा डाग होतात.