सिस्टरांच्या नोंदी आधी वाचा

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला (वय २९) असह्य पोटदुखी म्हणून नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. अपेंडिक्स काढलं, ते निरोगी निघालं. तिसऱ्या दिवशी फिट आली, फेनिटॉइन हे फिटवरचं औषध सुरू केलं. आठवडाभरात हातापायांतली ताकद गेली. पुढे मुंबईत पॉर्फिरिया या आनुवंशिक आजाराचं निदान झालं. त्यात ते औषध चालत नाही म्हणे. आमची आत्याही तिशीत अशीच पोट दुखून गेली. दावा लावावा का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : लावता येईल, पण अपेंडिक्सवरून नको. पॉर्फिरिया भल्याभल्या सर्जनना फसवतो. सुप्रीम कोर्टाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरला मोजायचं ते सर्वसाधारण कुशल डॉक्टरच्या मापाने. पहिल्या रात्री पॉर्फिरिया सुचला नाही, यात मला तरी निष्काळजीपणा दिसत नाही.

पुढचे दिवस मात्र बघण्यासारखे आहेत. कोर्टनाक्यावर माझ्याकडे अशी फाइल आली की मी डिस्चार्ज समरी बाजूला ठेवते आणि सिस्टरांच्या नोंदी काढते. ‘लघवी चहासारखी’ असं कुणी लिहिलंय का? रक्तातलं सोडियम कधी घसरलं? पोटदुखी, फिट, कमी सोडियम आणि गडद लघवी एकाच फाइलीत असूनही पॉर्फोबिलिनोजेनसाठी (या आजाराच्या झटक्यात लघवीत वाढणारा पदार्थ) लघवी तपासायला पाठवली नसेल, तर तुमची केस तिथून सुरू होते. रागावू नका, पण आत्याचं दाखल करताना सांगितलं होतंत का? ते केसपेपरवर असेल, तर बाजू बरीच भक्कम होते.

समोरचे वकील म्हणतील, ताकद आजारानेच गेली. तसं होतंही. म्हणून फेनिटॉइनचा पहिला डोस आणि अशक्तपणाची पहिली नोंद, या दोन्हींची तारीख-वेळ घेऊन न्यूरोलॉजिस्टचं लेखी मत घ्या. त्याशिवाय मी तरी दावा लावणार नाही.

कागदांसाठी आजच लेखी अर्ज द्या. नियमाने ते ७२ तासांत मिळायला हवेत. ग्राहक आयोगात जायला मुदत दोन वर्षांची. ऐरोलीत राहता, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येईल.

आणि तुमचं स्वतःचं? दोष वडिलांकडून आला असेल, तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. वडील ठणठणीत आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. हा दोष असलेल्या बहुतेकांना जन्मात कधी झटका येत नाही. पण भुलीची काही औषधंही यात चालत नाहीत, म्हणून तुम्हाला भूल घ्यायची वेळ येण्याआधी तपासणी करून घ्या.